सायमीचं रिकामं म्यान

मार्चच्या अखेरीस सायमीच्या हातून तिच्या वडिलांची सुरी तळ्यात पडली. बर्फाला पाडलेल्या भोकातून ती जाळे ओढत होती. गोठलेली दोरी कापायला सुरी काढली, हातमोजे ओले होते, मूठ निसटली आणि डुबुक् एवढा आवाज झाला. सायमी गुडघ्यांवर बसून त्या काळ्या पाण्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग उरलेले जाळे तिने दातांनी, नखांनी सोडवून घेतले. एकोणसत्तर वर्षांची बाई, त्यात रडायचे काय?

पण हौकिवारासारख्या उत्तरेकडच्या रानातल्या गावात कमरेला सुरी नसली की एक हात नसल्यासारखे होते. मासा साफ करायचा तर सुरी, भट्टी पेटवायला ढलप्या काढायच्या तर सुरी, पोत्याची सुतळी, सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीसाठी, भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी, प्रत्येक गोष्टीला हात आधी कमरेकडे जातो आणि रिकामा परत येतो. सायमीने उन्हाळा कसाबसा ढकलला. स्वयंपाकघरातली लांब सुरी फडक्यात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवायची. खिसा फाटला, मांडीला ओरखडा उठला. सप्टेंबरात रानात अळंबी उगवली आणि तिने ठरवले, आता पुरे. कमरेला बसेल अशी, लहानशी, रोजची सुरी घ्यायची. आणि सुरी घ्यायची म्हणजे पेंट्टी लोहाराकडूनच.

निघण्याच्या दिवशी सकाळी तिने नेहमीप्रमाणे स्तोत्राचे एक पान वाचले. ते वाचून होईपर्यंत ती कोणाशी बोलत नसे. घरात बोलायला कोणी उरले नव्हते, तरी नेम तो नेम. मग भट्टीशेजारच्या खिळ्यावरून तिने एक जुने म्यान काढले आणि पिशवीत टाकले. नवे म्यान कशाला, आहे की घरात, असे तिने स्वतःला सांगितले.

ते म्यान तिच्या आजीचे. आजीच्या काळी लग्नाच्या वयाची मुलगी कमरपट्ट्याला रिकामे म्यान लावून सणाला जायची. ज्या मुलाच्या मनात असेल तो आपली सुरी त्यात सरकवायचा. पुढच्या रविवारपर्यंत सुरी म्यानात राहिली तर होकार, परत आली तर नकार. तोंडाने काही बोलायचे नाही, म्हणून तर ही रीत इथल्या माणसांना मानवली.

सायमीच्या तरुणपणी असले काही उरले नव्हते. पण ती एकोणीस वर्षांची होती त्या वर्षी मध्य-उन्हाळ्याच्या सणाला गावातल्या तरुण मंडळींनी टूम काढली की यंदा आजी-आजोबांच्या काळासारखे नटायचे. मुलींनी पेट्यांतून जुने घागरे काढले, कमरेला रिकामी म्याने लावली. मुलांनीही भारी मजा केली. एकीच्या म्यानात लाकडी चमचा निघाला, एकीच्यात जिवंत मासा. संध्याकाळी नाच ऐन रंगात आला असताना पाऊस कोसळला आणि सगळे ओलेचिंब होऊन गवताच्या कोठारात घुसले. त्या रेटारेटीत कोणीतरी मागून सायमीच्या म्यानात सुरी सरकवली. तिला ते घरी आल्यावर समजले, कमरेला वजन लागले तेव्हा.

खरी सुरी होती. नागमोडी रेषांच्या भूर्जाची मूठ, पितळी कडे, कोरे पाते. तिने ती हातात धरून पाहिली. अंगठा काही केल्या नीट बसेना, पुरुषांच्या सुऱ्या अशाच असतील असे तिला वाटले. मग तिने सुरी पुन्हा त्या ओल्या म्यानात घातली आणि म्यान भट्टीशेजारच्या खिळ्याला अडकवले. ओले चामडे भट्टीपाशी वाळवू नये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण त्या दिवशी सायमीचे चित्त जागेवर कुठे होते? तिच्या मनात एकच नाव होते. तळ्यापलीकडच्या घरातला एन्सिओ. शाळेत तिच्या पुढच्या बाकावर बसणारा, बोलायला लाजणारा. त्याचीच असू दे, असे म्हणत ती झोपली.

सकाळी गाईंच्या धारा काढून ती घरात आली तर म्यान खिळ्यावर होते आणि सुरी नव्हती. आई आदल्या दिवशी मावशीकडे गेली होती, ती पहाटेच परतली होती. आई प्रार्थनाघरातल्या कडक पंथाची, नाचगाण्याला पाप मानणारी.

"गेली जिथली तिथे," आई पीठ मळता मळता म्हणाली. "थट्टेच्या गोष्टी थट्टेतच राहू देत."

कोणाची होती हे आईने सांगितले नाही आणि सायमीने विचारले नाही. मंगळवारी बातमी आली की एन्सिओ स्वीडनला गेला, गोथेनबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात. त्या वर्षी अर्धा गाव तिकडे चालला होता. सायमीने ते नाव मनातून खोडले. जो गाव सोडून चालला आहे, तो कोणाच्या कमरेला सुरी कशाला लावेल? त्याची नव्हतीच ती.

मग कोणाची? तो सगळा उन्हाळा ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या कमरेकडे बघत राहिली. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, गवत कापायच्या वेळी. नागमोडी रेषांची मूठ, पितळी कडे. दिसली नाही. पुढे दोघांनी रीतसर मागणी घातली, तिने नको म्हटले. मनात असा ग्रह होऊन बसला होता की एकदा कोणीतरी आपल्याला विचारले आहे आणि त्याला उत्तर द्यायचे राहिले आहे. ते राहिलेले असताना दुसऱ्याला काय सांगणार? आई म्हातारी झाली, गाई एकेक करून गेल्या. शेवटच्या आजारात आई एकदा छताकडे बघत म्हणाली, "मी तेव्हा गाईंचा विचार केला, सायमी." सायमीने तिची उशी सारखी केली. तेव्हाही विचारले नाही.

दर शनिवारी सौनानंतर ती त्या म्यानाला बोटभर चरबी चोळायची. चामडे सुकून तडकू नये म्हणून. पन्नास वर्षांत एक शनिवार चुकला नव्हता.

पेंट्टीची लोहारशाळा रस्त्यालगत होती आणि दाराशीच त्याच्या बायकोने, रायलीने, कॉफीचे टेबल मांडले होते. गिऱ्हाइकाला कॉफी पाजायची आणि त्याच्या तोंडून गावची बातमी काढायची, हा तिचा धंदा.

"या बाईसाहेब! सहा महिने खिशात बटाट्याची सुरी घेऊन हिंडतेयस म्हणे. कुहमो शहराच्या बाजारात पोलिसानं धरलं असतं म्हणजे?"

"तो माझ्याकडूनच अळंबी घेतो," सायमी म्हणाली. "निवडून, साफ करून. कशानं साफ केली ते त्यानं कधी विचारलं नाही."

"वाण्याकडे त्या नारिंगी प्लास्टिकच्या मुठीच्या आल्यात बघ. बर्फात पडली तर लांबून दिसते."

"कर, कर," पेंट्टी आतून म्हणाला. "नवऱ्याच्या दुकानात बसून वाण्याची जाहिरात कर." तो हात पुसत बाहेर आला. सायमीहून पाच वर्षांनी लहान, भुवया ठिणग्यांनी जळून विरळ झालेल्या. "हात दाखव, सायमी."

सायमीने उजवा तळवा पुढे केला. पेंट्टीने आपली चार बोटे त्यावर आडवी ठेवली, मनाशी काहीतरी जुळवले.

"तळवा जेवढा रुंद तेवढं पातं. तुला याहून लांब नको. लांब घेतलंस तर टोक तुझं ऐकणार नाही. वडिलांची सुरी तुला मोठीच होती, म्हणून निसटली."

"ती मोजे ओले होते म्हणून निसटली."

"बरं, मोजे ओले होते म्हणून." त्याने खण ओढला. आत लोकरीच्या कापडावर दहाबारा सुऱ्या ओळीने निजल्या होत्या. "यातली बघ. ही भूर्जाच्या सालीच्या मुठीची. थंडीत हाताला गार लागत नाही, ओली झाली तरी घसरत नाही."

सायमीने सुरी हातात घेतली. हलकी, उबदार. मुठीच्या बाजूला अंगठ्यापुरता एक खळगा होता, अंगठा आपसूक त्यात जाऊन बसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा हाताला बरे वाटले.

"हीच चांगली आहे," ती म्हणाली. "पण यात बसायला हवी." आणि तिने पिशवीतून म्यान काढून टेबलावर ठेवले.

"उलटं चाललंय तुझं. आधी सुरी, मग म्यान. चामडं भिजवायचं, सुरी आत घालायची, तशीच वाळू द्यायची. मग ते तिचं होतं, दुसरीला घेत नाही."

"बघ तरी."

पेंट्टीने बघितले. सालीच्या मुठीची सुरी आत गेली आणि खडखडली. दुसरी अर्ध्यावर अडली. तिसरी आत बसल्यासारखी वाटली, पण म्यान जरा तिरके केले तशी घसरून टेबलावर पडली. रायली हसली. "नवरामुलगा पसंत नाही हो त्याला!"

पेंट्टीने म्यान खिडकीपाशी नेले, तोंड उजेडाकडे करून आत डोकावला, मग बाहेरून अंगठ्याने दाबत दाबत खाली गेला. एका जागी त्याचा अंगठा थांबला.

"अरेच्चा," तो म्हणाला. "हे तर एन्सिओच्या सुरीचं म्यान."

किटली उकळली असे सांगावे तितक्या सहज म्हणाला तो. सायमीने हातातला कप बशीवर ठेवला.

"कोणाच्या?"

"एन्सिओच्या. हा खळगा बघ ना, चामडं कसं आत ओढलं गेलंय. बाबा प्रत्येक मुठीला अंगठ्याचा खळगा करायचे, मीही करतो. उजव्या हाताच्या मुठीला तो या अंगाला येतो, हा पलीकडे आहे. डावखुऱ्यासाठी बाबांनी सगळ्या जन्मात एकच सुरी केली." बोलता बोलता त्याने वर बघितले. "सायमी? मला वाटलं तुला ठाऊक आहे."

"नव्हतं."

"पन्नास वर्षं झाली, बाई!"

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुला काय सांगायचं? तूच तर परत पाठवलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुधाची गाडी थांबते त्या कॅनांच्या ओट्यापाशी तुझ्या आईनं ती त्याच्या हातात ठेवली. खळग्यावरून ओळखली असणार, गावात डावखुरा तो एकटाच. बोलल्या काहीच नाहीत. बोलायचं काय, रीतच तशी. तो तिथूनच सरळ इथे आला, त्या ठोकळ्यावर बसला आणि दोन दिवसांत निघून गेला. नकार दिलेल्या बाईपाशी आम्ही तो विषय कसा काढणार?"

"मी गोठ्यात होते," सायमी म्हणाली. "आत आले तेव्हा नव्हती."

रायलीने कॉफीची किटली टेबलावर ठेवली. पेंट्टीने म्यान पुन्हा उलटसुलट केले, आता जरा जपून.

"हो की," तो हळू म्हणाला. "परत पाठवायची सुरी कोणी म्यानात घालून भट्टीपाशी वाळत ठेवत नाही."

"नाही ठेवत."

पेंट्टी तिला आत घेऊन गेला. ऐरणीच्या मागची भिंत लाकडी फळ्यांची होती आणि फळ्यांवर पेन्सिलीने काढलेले हातच हात. गिऱ्हाइकाचा हात फळीवर ठेवून भोवती रेघ मारायची, खाली नाव घालायचे, ही त्याच्या वडिलांची पद्धत. रेघा काजळीने करड्या झाल्या होत्या. सगळ्या हातांचे अंगठे एकीकडे, एकाचाच दुसरीकडे.

"त्या वसंतात काढलाय," पेंट्टी म्हणाला. "मी चौदाचा होतो, पण पक्कं आठवतं. कारण बाबांनी विचारलं, म्यान कसलं करू? तर हा म्हणाला, म्यान करू नका. बाबा म्हणाले, अरे, उघडी सुरी कुठे घेऊन फिरणार? तर कानांपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, तिला म्यान आहे."

सायमी त्या हाताकडे बघत राहिली. शाळेत मास्तरांनी हाच हात बाकाला बांधून ठेवला होता, उजव्याने लिहावे म्हणून. मागच्या बाकावरून ती दोरीची गाठ बघत बसायची. आणि ती सुरी हातात घेतली तेव्हा अंगठ्याला जागा सापडत नव्हती. सगळे तिच्या हातात होते. ती कमरा बघत हिंडली. हात कोणाचेच बघितले नाहीत.

तिने आपला डावा तळवा उचलला आणि फळीवर, त्या रेघेच्या आत टेकला. सगळीकडून बोटभर रेघ उरली.

"आहे का तो?" तिने वळून न बघता विचारले.

"आहे. गोथेनबर्गलाच. बायको गेली चार वर्षांपूर्वी. नाताळला मी कार्ड पाठवतो, तोही पाठवतो, दोघंही 'हवा बरी आहे' एवढंच लिहितो. एकदा मी त्याच्याकडे गेलो होतो. सुरी दाखवली त्यानं. अजून तशीच, पातं कोरं. फडक्यात गुंडाळून ठेवतो. मी म्हटलं, दे, म्यान करून पाठवतो. तर नको म्हणाला."

मग त्याने सायमीचा उजवा हात फळीवर ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली आणि खाली नाव घातले. सालीच्या मुठीची सुरी पसंत झालीच होती, तरी ज्याला सुरी दिली त्याचा हात भिंतीवर हवा. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आता या म्यानाचं सांग. भिजवलं तर अजून मऊ होईल, चांगलं जपलंयस. तुझी सुरी घालून वाळवतो, आठवड्यात तिचं होईल."

"आणि आधीचं?"

"ते जाईल. चामड्यात एकच राहतं. नाहीतर नवं म्यान करतो. तू सांगशील तसं."

सायमीने म्यान पिशवीत ठेवले. "सुरीला नवंच कर," ती म्हणाली. "मी पुढच्या सोमवारी येते."

त्या शनिवारी सौनानंतर तिने चरबीची डबी उघडली आणि नेहमीपेक्षा सावकाश म्यान चोळले. खळग्यापाशी बोट थांबत होते. इतकी वर्षे तिला वाटत आले होते की भट्टीच्या धगीने चामडे तेवढ्या जागी वाकडे झाले असावे. रविवारी सकाळी प्रार्थनेत आईचे नाव आले, रोज येई तसे. त्या दिवशी तिथून पुढे जायला तिला बराच वेळ लागला. पण ती पुढे गेली. दिवसभर म्यान खिळ्यावर होते. रविवार मावळेपर्यंत ती खिडकीपाशी बसून तळ्यापलीकडे बघत होती. तिकडे एन्सिओच्या घराच्या जागी आता नुसते रान माजले होते.

सोमवारी नवी सुरी नव्या म्यानात तयार होती. सुरी आत दाबली की टक् असा बारीक आवाज येई, बाहेर ओढताना चामडे क्षणभर धरून ठेवी आणि मग सोडी. सायमीने ती पट्ट्याला लावली. मग पिशवीतून जुने म्यान काढून पेंट्टीपुढे ठेवले.

"हे त्याला पाठव. तुझ्याकडे पत्ता आहे."

"नाताळच्या कार्डाबरोबर?"

"आजच."

रायलीने खोके, दोरा, कागद सगळे आणले आणि वर पेनही आणले. "हं, लिही काहीतरी. पन्नास वर्षांनी नुसतं कातडं पाठवणार आहेस का माणसाला? त्याला कसं कळायचं?"

"सुरी घालून बघेल तो."

"आणि मग?"

"बसेल ती. खळग्यासकट." सायमी दोऱ्याची गाठ मारत होती. "मग त्याला कळेल की ती माझ्याकडे वाळली."

"अगं, पण उत्तर नाही आलं तर?"

सायमीने नव्या सुरीने दोऱ्याचे टोक कापले. "उत्तर त्यानं नाही द्यायचं, रायली. माझंच राहिलं होतं."

पेंट्टीने खोक्यावर पत्ता घातला, मोठ्या, वळणदार अक्षरांत. रायलीने झग्याच्या बाहीने डोळे पुसले आणि धुराला नावे ठेवली.

घरी परतताना सायमी टोपली घेऊन रानातून गेली. ओल्या शेवाळात पिवळी अळंबी दाटून आली होती. ती वाकली, सुरी काढली, अंगठा खळग्यात बसला. देठ मुळाशी कापायचा, माती खरवडायची, टोपलीत टाकायचे. पाते तिचे ऐकत होते. टोपली भरेपर्यंत तिने मान वर केली नाही. भरल्यावर मात्र तिथेच एका ओंडक्यावर बसली आणि मोजू लागली: आज कुहमोचे पोस्ट, उद्या किंवा परवा बोट, शुक्रवारपर्यंत गोथेनबर्ग. तिथे एखादे स्वयंपाकघर असेल, खण असेल, खणात फडके. डाव्या हाताने तो ते उलगडेल.

शनिवारी सौनानंतर तिने चरबीची डबी उघडली आणि हात सवयीने भट्टीकडे गेला. खिळ्यावर काही नव्हते. बोटावरची चरबी वितळेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिने कमरेचे नवे म्यान सोडले आणि त्यालाच चरबी चोळली. ते अजून कडक होते, फारशी पीत नव्हते.

खिळा तिने काढला नाही.